रेवतीची चाल

पूर्वी ससाण्यांनी करवंदीचं एक रान बळकावलं आणि दवंडी पिटली, "जुनी गाणी बंद! सगळ्यांनी फक्त महाराजांची स्तुती गायची."

रेवती बुलबुल पिल्लांना गाणं शिकवायची. पिल्लं आपली गाणी विसरतील, या विचाराने तिला घास गोड लागेना. शेवटी तिने स्तुतीला रानातल्या अंगाईची चाल लावली.

"ही चाल कुठली?" पहाऱ्यावरच्या तीक्ष्णराव ससाण्याने दरडावलं.

"शब्द महाराजांचेच आहेत ना, साहेब?" रेवती म्हणाली.

शब्द बरोबर होते, त्यामुळे तीक्ष्णरावाने गाणं चालू दिलं. संध्याकाळी घरट्यांतून आया त्याच चालीवर अंगाईचे जुने शब्द म्हणत. तेही रोज त्याच्या कानावर पडत, पण चाल तीच असल्याने त्याला ती स्तुतीच वाटे.

महिन्याभराने महाराज पाहणीला आले. "तीक्ष्णराव, स्तुती तुम्हीच म्हणून दाखवा," त्यांनी फर्मावलं.

तीक्ष्णराव डोळे मिटून तल्लीन झाला आणि गाऊ लागला, "नीज रे पिल्ला, रान हे आपुलं..."

महाराजांची चोच उघडीच राहिली. खुद्द साहेबच गातायत म्हटल्यावर पिल्लांनी आनंदाने सूर धरला, मग आयांनी, मग साऱ्या रानाने. रेवती शेपटीने ठेका देत होती. महाराज "बंद करा!" म्हणून ओरडत होते, पण त्या गाण्यात त्यांचं ओरडणं कुणाला ऐकूच येईना.