तिसऱ्या नोझलवरचा आरोप

सकाळचे सव्वाअकरा वाजले होते. खैरघाटाच्या चढावर कोबीने भरलेली टर्बो इंजिनची पिकअप गचके देत थांबली. गाड्यांचे भाग आपसांत भांडत असत, त्या काळातली ही गोष्ट.

इंजिनात डिझेल फवारणारी चार नोझल होती. तिसऱ्या सिलिंडरमध्ये डिझेल पेटत नव्हते, म्हणून सगळे तिसऱ्या नोझलवर तुटून पडले.

"कामचुकार कुठलं!" पहिले नोझल ओरडले.

इंजिनात हवा कोंबणारा टर्बोही तापलेला होता. "मी जीव तोडून हवा भरतोय आणि हे बसून खातंय! भंगारात घाला याला!"

"अरे, मला फवारायचा हुकूमच येत नाही," तिसरे कळवळून सांगत होते. ऐकतो कोण?

गुलाब मिस्त्री आले. ड्रायव्हर संपत उतावीळ झाला होता. "मिस्त्री, ते बिघडलेलं फेका आणि नवीन टाका!"

"आधी फाशी आणि मग चौकशी होय रे?" म्हणत मिस्त्रींनी पहिल्या आणि तिसऱ्या नोझलची अदलाबदल केली. इंजिन सुरू होताच तिसरे पहिल्याच्या जागी झकास फवारू लागले. तिसऱ्याच्या जागी गेलेले पहिले किंचाळले, "अरे, मला हुकूमच येत नाही!"

मिस्त्रींनी त्या जागेला हुकूम आणणारी वायर चाचपत पाहिली. ती टर्बोला चिकटून वितळली होती.

"मी काय तिला जवळ बोलावलं?" टर्बो फणफणला.

वायरला टर्बोपासून दूर धरणारी पट्टीच तिथे नव्हती. तिचे दोन्ही स्क्रू मात्र जागच्या जागी घट्ट पिळलेले होते. पट्टी न बसवताच ते कोणी पिळले, हे अजून कोणीही सांगितलेले नाही.