लाल पालवी आणि गुलाबी रेडकू

रानम्हैस म्हटली की काळी, हे तुम्हांला मी सांगायला नको. पण एका जंगलातल्या कळपात एकदा चक्क गुलाबी कातडीचे रेडकू जन्माला आले. दिसायला मोठे गोड, पण ऊन त्याला जराही सोसत नसे. थोडे हुंदडले की पाठ लालभडक होई आणि सालपटे निघत. त्यातून त्याला चिखलात लोळायचा भारी कंटाळा! म्हशीच्या पोटी जन्मून चिखल पाहून नाक मुरडणारे दुसरे लेकरू मी तरी ऐकलेले नाही. एक दिवस कळपाची म्होरकी त्याच्या आईला म्हणाली, "ओढा आटत चाललाय. लवकरच उघडा माळ ओलांडून नदीवर जावं लागेल. तुझ्या लेकराची पाठ अशीच राहिली, तर ते वाटेतच कोसळेल. मग त्याला इथंच सोडलेलं बरं."

जवळच्या कुसुमाच्या झाडावर एक म्हातारा वानर राहत होता. त्याने हे ऐकले आणि त्याला वाईट वाटले. तो रेडकाला म्हणाला, "बाळा, ही पालवी बघ. कोवळी आहे तोवर लाल असते. तो लाल रस तिला उन्हापासून जपतो. पान निबर झालं की मग हिरवं होतं. तू ही पालवी खा, पलीकडे पडलेले आवळेही खा. पण चिखलात लोळणं सोडू नकोस हं!"

शेवटचे वाक्य रेडकाने या कानाने ऐकले आणि त्या कानाने सोडून दिले. वानर रोज डहाळ्या मोडून खाली टाकी, रेडकू त्या मटकावी आणि तोंड वाकडे करीत आवळेही चघळी. हळूहळू पाठीची आग कमी झाली, नवी कातडी धरू लागली. झाले! स्वारी लगेच हवेत. "आता मला चिखल नको नि सावली नको. माझ्या अंगात पालवीचा रस आहे!" असे म्हणत ते भर दुपारी उघड्या खडकावर जाऊन उभे राहिले. आई हाका मारून मारून दमली. संध्याकाळी पाठीवर हे टपोरे फोड!

रेडकू रडतच झाडाखाली आले. "वानरआजोबा, तुमची पालवी खोटी! एवढी खाल्ली तरी मी भाजलोच. आता सगळे मला सोडून जातील." वानर म्हणाला, "उद्या दुपारी ये, मग भांडू." दुसऱ्या दिवशी ऊन तापल्यावर त्याने रेडकाला मान वर करायला सांगितली. सगळी लाल पाने खाली लोंबत होती. एकही पान उन्हासमोर ताठ उभे नव्हते. वानर म्हणाला, "अंगात एवढा रस असून ही पानं ऊन चुकवतात. आणि तू? खडकावर चढून बसलास!" रेडकू इतके शरमले की तडक ओढ्याकाठच्या चिखलात शिरले. मग पालवीही चालू राहिली, आवळेही आणि दुपारची सावलीही.

निघायचा दिवस उजाडला. म्होरकी कळपावरून नजर फिरवत म्हणाली, "गुलाबी लेकरू दिसत नाही. कुठं आहे ते?" "मी इथंच आहे!" तिच्या पुढ्यातच उभा असलेला एक चिखलाचा गोळा ओरडला. म्होरकीने जिभेने त्याच्या पाठीवरचा चिखल थोडा बाजूला केला. खाली कातडी धड होती, एकही फोड नव्हता. "चल, आईच्या सावलीनं चाल," ती म्हणाली. आईला तर आनंदाने काय करू नि काय नको असे झाले. कळपाने माळ ओलांडला, आणि नदी दिसताच सगळ्यांच्या आधी पाण्याकडे धावले ते रेडकूच!

तात्पर्य : मदत मिळाली म्हणून काळजी सोडू नये, जो स्वतःला जपतो, त्यालाच मदत अंगी लागते.