शंखाच्या शिक्क्याच्या वहाणा

एका राज्यात, जिथे नदी वर्षातून एक दिवस उलटी वाहत असे आणि परीट त्या दिवशी खुशाल सुट्टी घेत, भिवरा नावाची एक वहाणा करणारी राहत होती. तिच्या वहाणांचा गुण असा, की त्या घालून माणूस रानात चुको की धुक्यात सापडो, त्याचे पाय त्याला बरोबर आपल्या उंबऱ्यावर आणून सोडत. यात मंत्र नव्हता. गिऱ्हाईक आले की भिवरा त्याचे पाऊल राखेवर उमटवून घेई आणि शिवता शिवता त्याच्या घराविषयी विचारी. दार कोणत्या दिशेला, अंगणात झाड कसले, उंबरा केवढा. तो सांगे आणि ते टाक्याटाक्यात उतरे. शेवटी टाचेवर शंखाचा शिक्का बसे. काम असे सावकाश आणि गिऱ्हाइकांची रांग मोठी, म्हणून आज माप दिले तर सहा महिन्यांनी जोड हाती येई.

तिचा नवरा केरबा कातडे आणी, भिजवी, कमावी. माणूस सोन्यासारखा, पण काटकसर अशी की कातरणीचा कपटाही वाया जाऊ देईल तर शपथ. घरात वहाणांचा ढीग आणि दोघे मात्र अनवाणी. आधी गिऱ्हाईक, मग घर, हे त्यांच्या धंद्याचे व्रतच होते. वीस वर्षे झाली, त्या व्रतात कोणाला काही वावगे वाटले नव्हते.

एकदा केरबा कातडे कमावायची बाभळीची साल आणायला जत्रेला गेला. तिथे एका पालात शंखाच्या शिक्क्याच्या वहाणा मांडलेल्या. माप नको, थांबणे नको, किंमत निम्मी. लोकांची झुंबड उडाली होती. केरबाला वाटले, कोणा शहाण्याने बायकोकडूनच घेऊन पुढे विकायला काढल्या असाव्यात. तळपाय दगडांनी पोळले होते, बायकोच्या मागे कामाचा रगाडा होता. घरचाच माल स्वस्तात मिळाला, असे शेजाऱ्याला हसत सांगून त्याने एक जोड पायात घातला आणि घराकडे निघाला. तो घरी आलाच नाही.

तो एकटा नव्हता. त्या जत्रेतून वहाणा घेतलेली दोन-तीनशे माणसे घरी निघाली ती निघालीच. मग त्यांचे भाऊबंद भिवराच्या दारी आले आणि तोंडाला येईल ते बोलले. तुझ्या नावावर विश्वास ठेवला हेच चुकले, असे एक म्हातारी म्हणाली. नवरा गेल्याचे दुःख भिवराने गिळले होते, पण हे बोलणे तिला गिळता आले नाही. ती दार लावून रडली.

राजा शालिसेनाने तिला दरबारी बोलावले. राजा वाईट नव्हता. त्याचा न्हावीही बेपत्ता झाल्यामुळे त्याची दाढी अर्धीच झालेली होती, आणि अशा अवस्थेत न्याय करणे कोणालाही जड जाते. त्याने जत्रेतला एक न वापरलेला जोड तिच्यापुढे ठेवला.

"टाचेवर शिक्का कोणाचा?"

"माझा, महाराज. वहाण माझी नव्हे."

"मग शिक्का कशासाठी असतो?"

भिवराला उत्तर सुचले नाही. राजाने पौर्णिमेपर्यंत मुदत दिली. तोवर माणसे परत आली नाहीत, तर शिक्का वितळवायचा आणि तिने पुन्हा कातडे शिवायची आरी हाती धरायची नाही, असा हुकूम झाला.

दरबाराच्या कमानीवर एक साळुंकी राहत असे. ती बोलत असे, आणि कोणी न विचारताही बोलत असे. ती म्हणाली, "ज्या वाटेने माणसे गेली, ती वाट तुझ्यासमोरच ठेवली आहे. घाल पायात."

भिवराने तो खोटा जोड पायात घातला. तिने घराचा विचार केला आणि पाय विरुद्ध दिशेला चालू लागले. साळुंकी खांद्यावर बसून आली. वाटेत ती अखंड बडबडत होती, पण एक गोष्ट कामाची बोलली. हे काम बहुरंग मायाव्याचे. त्याने तारुण्यात आपल्या गुरूची कृती स्वतःची म्हणून मिरवली होती. गुरूने शाप दिला, की यापुढे तुझे हात दुसऱ्याची नक्कलच करतील आणि तुझे म्हणून काही उरणार नाही. तेव्हापासून त्याला स्वतःचा चेहराही राहिला नव्हता. तो ज्याच्याकडे पाही, त्याचा चेहरा त्याला येई.

सात दिवसांनी ती हुबेहूबपेठेत पोचली. ती मोठी झगमगीत पेठ होती. पैठणी होती, पण धुतली की तिचा मोर ओघळून जाई. केशर होते, दुधात टाकले की दूध निळे होई. आणि हरवलेली माणसे गल्लीगल्लीतून घरी निघत आणि संध्याकाळी पुन्हा पेठेच्या चौकातच येऊन उभी राहत. भूक लागली की तिथलेच घेत. एक गृहस्थ भिवराला हळूच म्हणाला, की निम्म्या किमतीत मिळतेय तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती, पण हात थांबला नाही.

चौकात बहुरंग बसला होता. त्याने भिवराकडे पाहिले आणि भिवराला समोर आपलाच चेहरा दिसला.

"माणसे हवीत? तीन कामे कर. एक जरी चुकले, तर तुझा शिक्का कायमचा माझा."

"करते," भिवरा म्हणाली.

पहिले काम. शंभर जोड समोर मांडलेले, सगळे एकासारखे एक. त्यात एकच खरा, देवळाच्या पायरीवरून चोरलेला. तो ओळखायचा होता. भिवराने एकही उचलून पाहिला नाही. तिने गुरांची डोणी पाण्याने भरून मागितली आणि शंभरच्या शंभर जोड त्यात लोटले. घटकाभराने नव्याण्णव जोड भाकरीच्या चुऱ्यासारखे फुगून सुटले. आत कातडे नव्हतेच, भुसा होता. खरा जोड तेवढा तळाशी धड राहिला. सगळ्या पेठेने आपापल्या पायांकडे पाहिले.

दुसरे काम. सात केरबा समोर उभे केले. तेच कपाळ, तीच पडकी दाढ. भिवरा आधी त्यांच्या पायांकडे वळली, कारण माणूस ती पायांवरूनच ओळखत असे. आणि तिथे ती चपापली. साऱ्या मुलखाची पावले तिला पाठ होती, नवऱ्याचे पाऊल तिने कधी राखेवर घेतलेच नव्हते. तिला फार वाईट वाटले. पण वाईट वाटून घ्यायला वेळ नव्हता. सातही जण "भिवरा, मीच गं" म्हणून हात पसरत होते.

ती सहज बोलल्यासारखे म्हणाली, "घर आवरून आले हो. कातरणीची ती तीन पोती उकिरड्यावर टाकून दिली."

सहा केरबा गोड हसले. सातव्याने कपाळाला हात लावला.

"अगं, त्यात बैलांच्या गळपट्ट्या निघाल्या असत्या."

भिवराने त्याचा हात धरला तो सोडला नाही. उरलेले सहा वाऱ्यावर विरून गेले.

बहुरंगाचा आवाज आता बदलला. "तिसरे काम. माझ्या हातांना जिची नक्कल करता येणार नाही, अशी एक वस्तू कर."

भिवराने चुलीतली राख मागवली, ती जमिनीवर पसरली आणि म्हणाली, "पाऊल ठेवा."

"कोणाचे?"

"तुमचे."

बहुरंगाने तोवर कधी कोणाला माप दिले नव्हते. त्याने पाय पुढे केला. चेहरा उसना होता, पण पाऊल त्याचेच होते. अंगठा जरा आत वळलेला, टाच भेगाळलेली. भिवराने ते उमटवून घेतले, डोणीतल्या खऱ्या जोडाचे टाके उसवले, ते कातडे त्या मापाला कापले आणि आरी चालवता चालवता नेहमीचा प्रश्न विचारला. घर कसे होते?

बहुरंग म्हणाला, आठवत नाही. भिवरा शिवत राहिली. गिऱ्हाइकाला घाई करायची नसते, हे तिला ठाऊक होते. दोन प्रहर गेले. मग तो खाली मान घालून म्हणाला, "उंबऱ्याला एक खाच होती. आई तिथे विळी टेकवून भाजी चिरी. मी आडवा बसे, म्हणून ओरडे."

भिवराने ते शेवटच्या टाक्यात घातले आणि जोड पुढे ठेवला. टाचेवर शिक्का मारला नाही.

बहुरंगाने बोट फिरवले. शेजारी दुसरा जोड उभा राहिला, तंतोतंत तसाच. पेठेतली माणसे पुढे सरकली. भिवरा म्हणाली, "आता दोन्ही घालून बघा."

त्याने आपला केलेला जोड घातला. तो नुसता जोड होता. मग त्याने भिवराचा घातला आणि त्याचे डोळे भरून आले. कारण साऱ्या आयुष्यात त्याच्यासाठी म्हणून, त्याच्याच मापाने केलेली ती पहिली वस्तू होती. जिथे त्याचे म्हणून काही उरायचे नव्हते, तिथे एक वस्तू उरली, आणि शाप तिथेच तुटला. त्याला त्याचा चेहरा परत आला. चेहरा साधाच होता, थोडा थकलेला. पाय चालू लागले. जाताना त्याने भिवराला वाकून नमस्कार केला आणि तो आपल्या घराच्या दिशेने निघून गेला.

पेठ विरली. तिथे माळ होता आणि माळावर भुशाचे ढीग. माणसे अनवाणीच घरी निघाली आणि पौर्णिमेच्या आत पोचली. राजाने शिक्का वितळवायचा हुकूम मागे घेऊन तिचा मान केला. तेव्हा भिवराने राहिलेले उत्तर दिले. ती म्हणाली, "महाराज, शिक्का ओळख देतो, पण राखेवर माप मी स्वतः घेते. ज्याचे पाऊल मी घेतले नाही, ती वहाण माझी नाही." राजाला ते पटले. त्याने तसे डांगोरा पिटून कळवले, आणि मग न्हाव्याला बोलावून उरलेली दाढी करून घेतली. म्हातारी येऊन भिवराची माफी मागून गेली, वर सहा महिने थांबायचे कबूल करून मापही देऊन गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळीच दारात गिऱ्हाइकांची रांग लागली. भिवरा त्यांना म्हणाली, की आज थांबावे लागेल. तिने राख पसरली आणि केरबाला समोर बसवले. तो कुरकुरला. लोक खोळंबलेत, म्हणाला, माझे काय, मी कधीही. तिने त्याचा पाय धरून राखेवर ठेवला. करंगळीजवळ एक जुना व्रण होता, तो तिने वीस वर्षांत प्रथमच पाहिला. मग आरी घेऊन ती शिवायला बसली आणि तिने त्यालाही सगळ्यांना विचारते तेच विचारले.

"सांगा, घर कसे आहे?"

केरबा तिच्याकडे पाहत राहिला, आणि सांगू लागला.