वैद्यबुवांच्या घरावरची दुहेरी कौलं

समुद्राकाठच्या एका गावात एक वैद्य राहत होते. खाऱ्या, दमट हवेचं गाव ते. तिथे मीठ उघडं ठेवलं तर संध्याकाळपर्यंत त्याला पाणी सुटे, आणि पेटीतल्या कपड्यांना महिन्याभरात बुरशीचा वास येई.

वैद्यबुवांचं घर कौलारू होतं. पाच वर्षांपूर्वी माजघरात दोन-तीन ठिकाणी गळायला लागलं, तेव्हा त्यांनी एक युक्ती केली. जुनी कौलं उतरवलीच नाहीत, त्यांच्यावरच नव्या कौलांचा दुसरा थर चढवला. गळती त्याच दिवशी थांबली. छप्पर लालबुंद दिसू लागलं. आल्यागेल्याला वैद्यबुवा कौतुकाने दाखवत, "पाच पावसाळे झाले, एक थेंब आत आलेला नाही."

त्या वर्षी आश्विन महिन्यात त्यांची लेक वेणू माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. घरात आनंदीआनंद झाला. बारशाला चार दिवस उरले होते. तेव्हा गावातला धाकू सुतार बायकोच्या तापाचं औषध न्यायला आला.

वैद्यबुवा पुड्या बांधत होते. धाकूची नजर मात्र वर गेली होती. तो उठला, मागच्या भिंतीपाशी गेला आणि भिंतीवर हात फिरवू लागला.

"वैद्यबुवा, पाऊस जाऊन दहा दिवस झाले. ही भिंत अजून ओली कशी?"

"दमट हवा आहे रे. गावातल्या सगळ्याच भिंती ओल्या."

"तुळईचं टोक या भिंतीत आहे. नेमकी तिथेच ओल आहे." धाकूने खाली बोट दाखवलं. "आणि जमिनीवर हा पिवळा भुसा कसला?"

वैद्यीणबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "रोज सकाळी पडतो बाई. मी रोज झाडते."

धाकू बाहेर अंगणात गेला आणि लांब उभा राहून छपराकडे पाहत राहिला. परत आला तेव्हा त्याचा आवाज हलका झाला होता. "छपराच्या माथ्यावरचं आढं मधोमध वाकलंय. वैद्यबुवा, तुमच्या छपराचे दिवस भरलेत. वरची कौलं दुहेरी, त्यामुळे खालच्या लाकडाला वारा नाही. ओल आतल्या आत कोंडली आहे, आणि ओझं दुप्पट झालं आहे. मला शिडी द्या. लाकडात टोच्या खुपसून एकदा बघतो. घटकाभराचं काम."

"अरे, गळत तर नाही ना?"

"गळत नाही म्हणून तर तुम्हाला कळत नाही."

वैद्यबुवा हसले. वर बघत म्हणाले, "ही तुळई बघ कशी चमकते. दर दिवाळीला तेल पाजतो तिला. चार दिवसांवर बारसं आलंय धाकू. आता शिडी लावून घरभर कचरा कशाला? बारसं होऊन जाऊ दे, मग हवं तर सगळं छप्पर खाली उतरव."

"निदान पाळणा तरी या तुळईला बांधू नका."

"माझ्या वेणूचा पाळणा याच तुळईला होता," वैद्यबुवा म्हणाले आणि त्यांनी औषधाच्या पुड्या त्याच्या हातात ठेवल्या. धाकूने पुन्हा एकदा तुळईकडे पाहिलं. मग निघून गेला.

बारशाचा दिवस उजाडला. दुपार झाली. आभाळ निरभ्र होतं, आणि उकाडा असा की झाडाचं पान हलत नव्हतं. माजघर बायकांनी भरलं होतं, वैद्यबुवा आणि पुरुषमंडळी अंगणात होती. फुलांनी सजवलेला पाळणा तुळईला टांगला होता. वैद्यीणबाई भिंतीशी बसून घुगऱ्या वाटत होत्या. पाळण्याची गाणी म्हणून झाली. बाळाची आत्या कानात नाव सांगायला वाकली.

तेवढ्यात बाळाच्या कपाळावर चिमूटभर भुसा पडला.

आत्याने तो पुसला. पुन्हा पडला. तिने वर पाहिलं आणि तिची बोबडीच वळली. तुळईचं टोक भिंतीतून हळूहळू बाहेर येत होतं. तिने दुपट्यासकट बाळ उचललं, उराशी धरलं आणि ती दाराकडे धावली. बायकांना काही कळलं नाही, पण तिचा चेहरा पाहून त्या तिच्यामागे पळाल्या. वेणूला कुणीतरी दंडाला धरून बाहेर ओढलं.

कडाड!

तुळई पाळण्यावर पडली. मागोमाग वासे आले आणि दुहेरी कौलांचा डोंगर कोसळला. लाल धुळीचा लोट अंगणात आला. मग सगळं इतकं शांत झालं की लांबचा समुद्र ऐकू येऊ लागला. कुणी रडत नव्हतं. ज्याचा हात जिथे होता तिथेच राहिला होता. वादळ नाही, पाऊस नाही, वाऱ्याची झुळूक नाही. भर दुपारच्या उन्हात घर असं पडतं कसं?

"आई कुठाय?" वेणूने विचारलं.

तेव्हा सगळे भानावर आले.

आवाज ऐकून धाकू धावत आला होता. त्याने आणि चार गड्यांनी कौलं उपसली. वैद्यीणबाई भिंतीच्या कोपऱ्यात जिवंत सापडल्या, पण त्यांचा उजवा पाय वाशाखाली चिरडला होता. वैद्यबुवांनी स्वतःच्या हातांनी पाय बांधला. पाय जोडला गेला, पण वैद्यीणबाई पुढे कधीच काठीवाचून चालल्या नाहीत.

पाय बांधून झाल्यावर वैद्यबुवा ढिगाऱ्याजवळ गेले. तुळईचा तुकडा पडला होता. वरून तेलाने चकाकणारा, गुळगुळीत. त्यांनी तो उचलला. लाकडाचं वजनच लागेना. बोटांनी दाबला तर सालीसारखा फुटला आणि आतून ओली माती, भुसा आणि वळवळणारी वाळवी त्यांच्या तळहातावर सांडली.

"इतकी वर्षं आम्ही याच्याखाली जेवत होतो," ते पुटपुटले. "धाकू, तू सांगितलं होतंस."

धाकू म्हणाला, "सांगितलं, पण तुम्ही नाही म्हणालात आणि मी गेलो. मी तिथेच बसून राहायला हवं होतं. चार दिवस माझ्या घशाखाली घास उतरत नव्हता."

दुसऱ्या दिवशी दोघं मिळून गावात निघाले. वैद्यबुवांनी प्रत्येक दारात आपली गोष्ट स्वतः सांगितली, लाजले नाहीत. धाकूने प्रत्येक घरात टोच्या मारला. सहा घरांत तो लोण्यात जावा तसा मुठीपर्यंत आत गेला. त्यातली दोन छपरं तर चार वर्षांपूर्वीच डागडुजी केलेली होती. घरची माणसं वर बघत आणि लेकरांना घेऊन मुकाट्याने अंगणात येत. त्या हिवाळ्यात सहाही छपरं उतरवली गेली.

वैद्यबुवांचं घर सर्वांत शेवटी उभं राहिलं. तसं त्यांनीच सांगितलं होतं. नवे सागवानी वासे चढले, वारा खेळायला जागा ठेवली, कौलं एकेरीच घालायचं ठरलं. कौलं चढायच्या आधी वैद्यीणबाईंना उचलून आत आणलं. वाशांतून निळं आभाळ दिसत होतं. नात त्यांच्या मांडीवर होती. त्यांनी वर बराच वेळ पाहिलं.

"धाकूभाऊ, हे किती वर्षं टिकेल?"

धाकूने हातातली हातोडी खाली ठेवली.

"वहिनी, दर वर्षी हेच विचारत राहा. विचाराल तोवर टिकेल."

तात्पर्य: गळती बुजली म्हणजे छप्पर सुधारलं असं नव्हे. ओल, भुसा आणि बाक दिसला की त्याच दिवशी शिडी लावावी. पोखरलेलं लाकूड बारशासाठी थांबत नाही.