नाकेदाराची सळई

घाट उतरून खाली आलं की जकातीचा नाका लागायचा, त्या काळची ही गोष्ट. नाक्यावर एक नाकेदार असे. माणूस इमानी. पण एकदा कुणीतरी गुळाच्या ढेपेत रेशीम दडवून त्याच्या डोळ्यांदेखत नेलं. सुभेदारांनी बोलावून सांगितलं, "पुन्हा असा माल सुटला, तर तुमची नोकरी सुटली म्हणून समजा."

तेव्हापासून नाकेदाराने धसकाच घेतला. लोखंडी सळई घेऊन तो प्रत्येक पोत्यात खुपसायचा. कापूस असो, धान्य असो, म्हातारीची वळकटी असो. नजर मात्र पारखी. नव्या शिपायाला तो सांगायचा, "विचारण्याआधीच गाठोडं सोडून उभा राहतो ना, तो चोर नसतो. तो भ्यालेला असतो. त्याला जाऊ द्यावं."

संध्याकाळी सळई त्याच्याबरोबर घरी यायची. सवयही यायची.

"शेजारीण कशाला आली होती? डब्यात काय झाकलंस? पाणवठ्यावर इतका वेळ?"

बायको आधी हसायची. "अहो नाकेदार, भाकरीतही सळई घालून बघा, पापुद्र्याखाली काही दडवलं असेल!" मग हसणं थांबलं. मग बोलणंही आटलं. विचारलं तेवढंच उत्तर, तेही खाली मान घालून.

त्यांची मुलगी सहा वर्षांची. एरवी खेळून आली की धावत बापाच्या गळ्यात पडायची. एका संध्याकाळी ती उंबऱ्याबाहेरच थांबली. परकराच्या ओच्याची गाठ सोडली, सगळं जमिनीवर मांडलं आणि हात पसरून उभी राहिली.

"खेळायचे चार गजगे आहेत. एक मोरपीस. बाकी काही नाही, बाबा. जाऊ आत?"

नाकेदाराने तर काही विचारलंच नव्हतं. शिपायाला सांगितलेले आपलेच शब्द त्याला आठवले.

दुसऱ्या दिवसापासून सळई नाक्यावरच राहू लागली. सुभेदारांचा धाक होता तसाच होता. पण घराच्या वळणावर विहीर होती, तिथे तो हातपाय धुवायचा, घटकाभर बसायचा आणि मगच पुढे यायचा. तरी गेलेला विश्वास काही पोत्यासारखा पाठीवर घालून परत आणता येत नाही. मुलगी कितीतरी दिवस उंबऱ्याशी थांबून गाठ सोडतच राहिली.

मग एके दिवशी ती न थांबता आत धावली. मूठ घट्ट मिटलेली.

"दाखव!" त्याच्या अगदी ओठांवर आलं. त्याने ते गिळलं आणि शेंगा सोलत बसला.

मुलगी खांबाआडून बघत राहिली. शेवटी तिलाच राहवेना.

"बाबा, विचारा ना काय आहे ते!"

"तुझं गुपित आहे. सांगावंसं वाटलं तर सांग."

तिने त्याच्या तळहातावर मूठ उघडली. इवलीशी गोगलगाय.

"हिला जकात पडेल का हो?"

चुलीपासून बायकोचा आवाज आला, किती दिवसांनी हसरा: "थांबा, सळई आणते!"

तात्पर्य: नाक्याची सळई नाक्यावरच ठेवून यावी; घरातल्या गाठी मायेनं आपसूक सुटतात.