सावलीची पायरी

फार फार वर्षांपूर्वी, आवळगडावर निशाण फडकत होतं आणि गडाखालच्या आवळी गावात पंधरा-वीसच चुली पेटत होत्या, तेव्हाची ही गोष्ट. शेजारचा एक राजा लढाईत हरला. पुन्हा शस्त्र उचलणार नाही याची हमी म्हणून त्यानं आपला थोरला मुलगा जिंकणाऱ्याच्या हवाली केला. लाखणदेव त्याचं नाव, वय वर्षं नऊ. त्याला आवळगडावर कोंडलं. बापानं निघताना एकच अट घातली. पोराचं ताट रोज कुणीतरी आधी चाखायचं, आणि चाखणारं माणूस ना तुमच्या चाकरीतलं ना आमच्या, गडाखालच्या गावातलं असायचं.

गावानं म्हाळाईला पाठवलं. तरणी विधवा, पदरात एक लेक. मेली तर भांडायला येणारं कुणी नव्हतं, म्हणून तिचीच निवड झाली. गावं अशीच वागतात, आपलं गाव काही वेगळं नव्हतं.

पहिल्या दिवशी तिनं घास गिळला आणि आता आपण मरणार म्हणून भिंतीला टेकून बसली. समोर ते पोर भुकेलं बसलेलं. बसल्या बसल्या निशाणकाठीची सावली अंगणातल्या पहिल्या पायरीवरून दुसरीवर गेली. म्हाळाई जिवंतच होती. तेव्हा ती म्हणाली, “सावली आली. जेव, बाळराजा.”

तेच माप ठरून गेलं. ती चाखायची, सावली सरकायची, ती जेव म्हणायची आणि मगच तो जेवायचा. ढगाळ दिवशी ती अंदाजानं बसायची, पण बसायची दुप्पट वेळ. असं म्हणतात, एकतीस वर्षं लाखणदेवानं ऊन घास खाल्ला नाही.

त्याला तटाच्या एका खिडकीतून फक्त आवळीचा धूर दिसायचा. तेवढ्यावर त्यानं गाव पाठ केलं. कुणाची चूल पहाटे पेटते, कुणाची उशिरा, सगळं त्याला ठाऊक. एकदा तो म्हणाला, “म्हाळाई, चिंचेखालच्या घरात दोन दिवस धूर नाही.” तिनं खाली जाऊन पाहिलं, तर घरातली सगळी माणसं तापानं आडवी पडलेली. गावानं धावपळ केली, ती वाचली. ज्याला गावानं कधी पाहिलं नव्हतं, तो गावाची अशी काळजी वाहत होता.

पोराला मिसरूड फुटलं, मग दाढी आली, मग दाढीत पांढरे केस आले. म्हाळाईला नातवंडं झाली. पण गड चढताना म्हाळाईला रोज भीती वाटायचीच. आधी ती स्वतःच्या मरणाला भ्यायची. पुढे तिला वेगळीच भीती लागली. विष असलं, आपण वाचलो, आणि आपल्या शब्दावर विसंबून तो जेवला तर? या भीतीनं तिला गाढ झोप म्हणून कधी लागली नाही.

मग लाखणदेवाचा बाप वारला. धाकटा भाऊ गादीवर बसला, आणि त्याला थोरला जिवंत नको होता. दोन्ही राजांचं आतून जमलं. गडावर नवा किल्लेदार आला, सोबत स्वतःचा आचारी घेऊन.

किल्लेदारानं म्हाळाईला बाजूला बोलावलं. “म्हातारे, आज वरण कडू लागेल. विष सावकाश चढणारं आहे, सावली दोनदा सरकली तरी कळायचं नाही. तू इवलासा घास घे, वैद्य तुला काढा देईल. तोंड उघडलंस, तर तुझी लेक, नातवंडं, एकही उरणार नाही.”

म्हाळाई ताटापुढे बसली. बोलावं तर घरदार जातं, गप्प राहावं तर हा जातो. पण बोलू नको म्हणून बजावणाऱ्यानं मरू नको म्हणून कुठं बजावलं होतं? तिनं वरणाची वाटी उचलली आणि घटाघटा रिकामी केली. मग भात, मग भाकरी. लाखणदेव चकित होऊन पाहत राहिला. एकतीस वर्षांत तिनं एका घासावर दुसरा खाल्ला नव्हता.

“म्हाळाई, एवढी भूक लागली होती?”

“बस गुमान. सावली यायची हाय अजून.”

ती पायरीकडे पाहत राहिली आणि मनात एकच म्हणत राहिली, थांब माये, थांब. असं म्हणतात, सावली थांबली. पहिल्या पायरीच्या काठावर येऊन जी थांबली ती हलेना. शिपाई कामं टाकून अंगणात गोळा झाले. किल्लेदारानं ताट पुन्हा वाढायला लावलं आणि ओरडला, “झाला वेळ, जेवा!” पण लाखणदेवाला तो शब्द एकाच तोंडून ऐकायची सवय होती. त्यानं कशालाही हात लावला नाही. प्रहर उलटला तरी सूर्य डोक्यावरच होता. शेवटी म्हाळाईचे ओठ निळे पडले आणि ती त्याच्या पायाशी कोसळली. सावली त्यानंतर सरकली.

मग कुणी काही सांगायची गरज उरली नाही. गडावरचे जुने शिपाई लाखणदेवाबरोबरच म्हातारे झाले होते. त्यांनी किल्लेदाराला बांधलं आणि दरवाजा उघडला.

म्हाळाईला हातांवर घेऊन लाखणदेव गड उतरला. आवळीत त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाऊल ठेवलं, पण घर कुणाला विचारलं नाही. धूर पाहून सरळ तिच्या दारात गेला. लेकीनं आईला माती दिली. तीन दिवसांनी तिनं त्याच्यापुढे ऊन भाकरी वाढली, तर तो नुसता बसून राहिला. तिला उमगलं. तिनं त्याच्या ताटातला एक घास खाल्ला, दारच्या उंबराची सावली उंबरठ्याशी येऊ दिली, आणि म्हणाली, “सावली आली. जेव, बाळराजा.” तेव्हा तो रडला, आणि जेवला.

कुणी म्हणतं तो पुढे राजा झाला, कुणी म्हणतं आवळीतच राहिला. मला तर आवळीतच राहिला हेच खरं वाटतं.

दुसरीकडे पाहुण्याला उष्टं वाढलं तर सोयरीक मोडेल. आवळीत मात्र नव्या जावयाच्या ताटातला पहिला घास घरातली थोरली बाई खाते, आणि सावली सरकेपर्यंत तो बिचारा गार होणाऱ्या पुरणपोळीकडे बघत बसतो. म्हाळाईच्या तिथीला सगळं गाव गडावर जातं. त्याच अंगणात ताट मांडतात. गावातली सर्वांत म्हातारी बाई घास खाऊन बसते, आणि सगळे पहिल्या पायरीकडे पाहत राहतात. सावली दरवर्षी सरकते. तरी ती सरकेपर्यंत आया तान्ह्या पोरांना छातीशी घट्ट धरतात. ती दुसऱ्या पायरीवर आली, की म्हातारी आधी म्हाळाईचं नाव घेते आणि मग रिकाम्या पाटाकडे पाहून म्हणते, “जेव, बाळराजा.”