पाट्याला टाकी

मिक्सर घरोघर यायच्या कितीतरी आधीची गोष्ट. वसईच्या एका ख्रिस्ती घरात एक पाटा होता. मसाला वाटून वाटून तो गुळगुळीत झाला आणि वरवंटा नुसताच घसरू लागला, की घरची रेजिनाबाई टाकी-हातोडी घेऊन बसे आणि ठोकून ठोकून त्याच्या अंगभर बारीक खाचा पाडी.

या खेपेला टाकी दिसताच पाटा कण्हला. "वर्षभर मिरच्यांची आग सोसायची, आणि वर हा मार! आता अंगात त्राण नाही." मग मोरीकडे बघून तो म्हणाला, "तुझी चैन आहे, दादा. तुला कोणी टाकी लावत नाही."

मोरीत घरचा जुना पाटा पडला होता. त्याच्यावर येणारे-जाणारे टाचा घासत.

"खरंय," तो सावकाश म्हणाला. "वीस वर्षं झाली. मीही देवाकडे हेच मागायचो, की हा मार एकदाचा थांबू दे. थांबला. मग घरात तू आलास."



रेजिनाबाईनं क्रुसाची खूण केली. टाकी पाट्यावर टेकवली. मोरीकडे नजर टाकून ती पुटपुटली, "देवबापा, या वर्षी तू मलाही फार ठोकलंस. दमले रे. पण ठोक. मोरीत तेवढं नको टाकूस."

पहिला घाव बसला. पाट्यानं अंग सैल सोडलं.